लिस्बन : बसमधून, ट्राममधून आणि पाण्यावरून

जुन्या पोर्तुगीज लोकांत एक म्हण प्रचलित होती : ज्याने गोवा पाहिला, त्यास लिस्बन पाहावयाची गरज नाही. ती म्हण ज्या गोव्याविषयी आहे तो म्हणजे मांडवीकाठचे जुने गोवे. त्याच्या पडक्या भिंती आणि उंच चर्चे आपण शाळेच्या सहलीत पाहतो. ही म्हण उलट्या बाजूने तपासून पाहण्याचा योग आम्हांस २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आला. गोवा जन्मापासून पाहत आलो होतो. आता लिस्बन पाहावयाचे होते. निघण्यापूर्वी वर्गात ही वार्ता सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून सरळ विचारले, "सर, ज्यांनी आमच्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, त्यांचे शहर पाहायला कशाला जायचे?" वर्ग हसला. आम्हांस मात्र तत्काळ उत्तर सुचले नाही. परत आल्यावर सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते देणे या लेखात कितपत फिटते, हे वाचकांनीच ठरवावे.

लिस्बन हे शहर तेजो नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. इंग्रजी भूगोलात याच नदीस टेगस म्हणतात. स्पेनच्या पूर्वेकडील डोंगरांत उगम पावून सुमारे एक हजार किलोमीटरांची वाट चालत ती अटलांटिक महासागरास मिळते. आयबेरियन द्वीपकल्पातील ती सर्वांत लांब नदी होय. तिच्या मुखाशी एक नवल आहे. नद्या सामान्यतः समुद्राजवळ येताना रुंद होत जातात. तेजो मात्र शहराच्या वरच्या अंगास आधी एखाद्या सरोवरासारखी पसरते, आणि मग शहरासमोर अंग चोरून सुमारे दोन किलोमीटर रुंदीच्या वाटेने समुद्राकडे जाते. त्या पसरलेल्या पाण्यास तेथील लोक 'मार दा पाल्या', म्हणजे पेंढ्याचा समुद्र, असे म्हणतात. आत आडोसा, खोल पाणी, आणि तोंड अरुंद असल्यामुळे रक्षणास सोपे, असे बंदर दर्यावर्दी लोकांस आणखी काय हवे?

पाण्याने शहरास जन्म दिला आणि टेकड्यांनी त्यास आकार दिला. लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे असे सांगण्याची जुनी चाल आहे. रोमशी बरोबरी साधण्याचा हा मोह असावा, कारण मोजू गेल्यास टेकड्या अधिक भरतात. पणजीच्या आल्तिन्योवर मळ्यातून पायऱ्यांनी चढून गेलेल्या वाचकास लिस्बनच्या चढणीची थोडी कल्पना येईल. अशा आठ-दहा चढणी एकमेकींस खेटून उभ्या केल्या, त्यांवर दाट घरे रचली आणि खालून मांडवीहून मोठे पाणी वाहविले, म्हणजे लिस्बन झाले.

तेथे आमचे एक स्नेही राहतात. मूळचे ते बार्देशचे. १९६१ नंतर लहान वयातच वडिलांबरोबर तिकडे गेले. वय सत्तरीच्या घरात, परंतु बोलण्यातील कोंकणी हेल अद्याप सुटलेला नाही. पहिल्याच सकाळी त्यांनी आमच्या हातात एक पुठ्ठ्याचे कार्ड ठेवले आणि म्हणाले, "हे गाव तीनदा पाहा. एकदा बसने, एकदा ट्रामने, एकदा पाण्यावरून. तिन्ही वेळा निराळे दिसेल." ते एकच कार्ड बसला, ट्रामला, भुयारी रेल्वेला आणि नदीवरील नावेलाही चालत होते. २०१९ च्या एप्रिलपासून तर संपूर्ण महानगर प्रदेशासाठी चाळीस युरोंचा एकच मासिक पास सुरू झाला आहे, आणि नदीपलीकडून रोज कामास येणाऱ्यांस त्याचा मोठा आधार वाटतो. आपल्याकडच्या बस आणि फेरी आठवल्या. तुलना मनात आल्यावाचून राहिली नाही.

बसविषयी फार लिहावयाचे नाही. लिस्बनमध्ये नियमित बसवाहतूक १९४४ साली सुरू झाली, आणि बस जेथून जाते ते शहर बहुधा तिच्याच काळातले असते : रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, बहुमजली इमारती. असे रस्ते जगातील कोणत्याही मोठ्या शहरात भेटतात. एका बसचा मात्र अपवाद केला पाहिजे. ७३७ क्रमांकाची एक आखूड बस फिगेइरा चौकातून निघते आणि बोळांतून वळणे घेत साओ जॉर्ज किल्ल्यापाशी चढते. वळणावर तिची काच घराच्या कोपऱ्यास लागते की काय असे वाटून आम्ही दोनदा अंग आक्रसून घेतले. शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीने मात्र पुस्तकातून मान वर केली नाही.

हा किल्ला मूर लोकांचा. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिक याने तो जिंकून घेतला. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीचे आल्फामा हे नावही अरबी भाषेतले असून त्याचा संबंध उन्हाळ्यांशी, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांशी आहे. तटावरून खाली पाहिले की डोळ्यांस एक गोष्ट खटकते. पायाखालील आल्फामाचे बोळ सुताच्या गुंत्यासारखे आहेत. पश्चिमेच्या टेकडीवरील रस्तेही चढण नेईल तसे वाकलेले. मधल्या सखल भागात मात्र पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या उंचीच्या घरांच्या रांगा, आणि शेवटी नदीकाठी एक विस्तीर्ण चौक.

याचे कारण १७५५ सालच्या १ नोव्हेंबरच्या सकाळी घडले. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता आणि लोक चर्चमध्ये जमले होते. प्रचंड भूकंप झाला. घरे कोसळू लागली तशी माणसे मोकळ्या जागेच्या आशेने नदीकाठी धावली. तेथे त्यांना पाणी मागे हटलेले दिसले. आणि काही वेळाने समुद्राच्या लाटा नदीतून वर चढून काठावरील माणसांस घेऊन गेल्या. चर्चमधील पेटलेल्या मेणबत्त्यांनी आणि घरांतील चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. हजारो माणसे मेली. डोंगराळ आल्फामा बराचसा वाचला. सखल भाग उरला नाही. मंत्री पोंबाल याने तो भाग नव्याने आखविला. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा सांगाडा घालण्याची रीत ठरविण्यात आली, हेतू हा की जमीन हलली तरी घर सांगाड्याच्या बळावर तग धरील. तो सांगाडा किती टिकतो हे अजमावण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांस पाय आपटीत चालविले होते, असे सांगतात. भूकंपापासून बचाव म्हणून घरांची अशी योजनापूर्वक बांधणी करण्याच्या युरोपातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

नदीकाठच्या त्या चौकाचे सरकारी नाव व्यापार-चौक. परंतु जुनी माणसे अद्याप त्यास तेरेइरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचे अंगण, असेच म्हणतात. राजवाडा भूकंपात गेला, त्यास अडीच शतके उलटून गेली. तरी नाव उरले. तो येथे कसा आला होता, हे पुढे नावेतून पाहू.

आता ट्रामकडे वळतो. लिस्बनमध्ये १८७३ साली घोड्यांनी ओढावयाच्या ट्राम सुरू झाल्या आणि १९०१ साली विजेच्या. घोड्यांच्या बळावर सपाट नदीकाठ साधला. टेकड्या साधल्या त्या विजेने. १९५९ साली भुयारी रेल्वे आली, बसगाड्या वाढल्या, आणि एकेक करून ट्रामचे बहुतेक मार्ग बंद झाले. जे थोडे राहिले ते मुख्यतः दोन कारणांनी : एक, त्या बोळांत दुसरे मोठे वाहन मावत नाही, दुसरे, पाहुण्यांस त्या आवडतात. २८ क्रमांकाची ट्राम या मार्गांत सर्वांत प्रसिद्ध आहे. पिवळ्या रंगाचा, जेमतेम वीस आसनांचा एकच डबा, आत पॉलिश केलेले लाकूड, उघडणाऱ्या खिडक्या. डब्यांची बांधणी १९३० नंतरच्या दशकातली. १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या पोटातील यंत्रे मात्र नवी बसविली आहेत. दोन रुळांमधील अंतर फक्त ९०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडील मीटर गेजहूनही कमी. एवढ्या अरुंद रुळांमुळेच तिला ती वळणे घेता येतात. ग्रासा, आल्फामा, मुख्य चर्च, सखल बाजार, शियादो, एश्त्रेला असा तिचा मार्ग आहे. काही ठिकाणी बोळ इतका चिंचोळा की समोरासमोर दोन गाड्या जाऊ शकत नाहीत. एक गाडी थांबून दुसरीस वाट देते, आणि पायी चालणारा माणूस कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभा राहतो. खिडकीतून हात काढला तर वाळत घातलेला टॉवेल हातास लागेल, असा तो प्रवास आहे. हात काढू नये, हे सांगणे न लगे.

विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी येथे थोडे थांबावे. या मार्गावरील सर्वांत तीव्र चढ शेकडा सुमारे साडेतेरा आहे. म्हणजे शंभर मीटर आडवे अंतर कापताना गाडी साडेतेरा मीटर वर चढते. वहीत काटकोन त्रिकोण काढून पाहिल्यास हा कोन पावणेआठ अंशांच्या आसपास येतो. ऐकताना तो क्षुल्लक वाटेल. परंतु कॅसलरॉकहून कुळे येथे उतरणारा आपला ब्रागांझा घाट घ्या. दूधसागरचा धबधबा दाखविणाऱ्या त्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ ला १, म्हणजे शेकडा सुमारे २.७ आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीस मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. लिस्बनच्या ट्रामचा चढ त्याच्या पाचपट! दाते नाहीत, दोर नाही. लोखंडाचे गुळगुळीत चाक आणि लोखंडाचाच गुळगुळीत रूळ, यांतील घर्षणावर सर्व भार. हे साधते कसे? आगगाडीत डब्यांचे वजन इंजिनाने ओढावे लागते, आणि त्या वजनाचा रूळ पकडण्यास काही उपयोग होत नाही. ट्रामच्या एकाच डब्यास दोन आस असतात व दोन्ही आसांना मोटार जोडलेली असते. त्यामुळे गाडीचे आणि आत बसलेल्या माणसांचे सगळे वजन चाकांवरून रुळांस पकडण्याच्या कामी येते. त्यातून पावसाने रूळ ओला झाला की चालक रुळांवर वाळू सोडतो. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती. चढणीवर चाक एकदा फिरले आणि गाडी जागीच राहिली. खालून खरखर असा आवाज आला, आणि गाडी पुन्हा वर निघाली. विजेची आणि लोखंडाची एवढी यंत्रणा, आणि शेवटी वेळेस धावून आली ती मूठभर वाळू. आम्हांस तो आवाज फार आवडला.

ट्रामचे दुबळेपणही त्याच दिवशी दिसले. एका वळणावर कोणी मोटार उभी करून गेला होता. तिचे मागचे टोक रुळांपासून वीतभर आत आले होते. बस असती तर थोडी सरकून निघून गेली असती. ट्रामला सरकता येत नाही. चालकाने घंटा वाजविली, पुन्हा वाजविली. मागे दुसरी ट्राम येऊन उभी राहिली, तिचीही घंटा सुरू झाली. वीस मिनिटांनी मालक हातात पावाची पिशवी घेऊन आला, खांदे उडविले आणि मोटार घेऊन गेला. तोवर गाडीतील निम्मी माणसे उतरून चालू लागली होती.

उतरली ती कोण होती, हे मात्र सांगितले पाहिजे. तेथील नित्याचे प्रवासी उतरले. आमच्यासारखे पाहुणे बसून राहिले, कारण आम्हांस कोठे पोहोचावयाचेच नव्हते. त्याआधी एका थांब्यावर भाजीची पिशवी घेतलेल्या एक वृद्ध बाई उभ्या होत्या. गाडी भरलेली होती, दार उघडले नाही. बाईंनी गाडीकडे नीट पाहिलेही नाही. अशा किती गाड्या त्यांच्या पुढून गेल्या असतील! त्या चढणीवर त्यांचे घर असावे, आणि ती ट्राम त्यांच्यासारख्यांनी टेकडीवर घरी जावे म्हणूनच सुरू झाली होती. आम्ही खिडकीजवळील जागेवर बसून त्यांच्याकडे पाहत होतो. ती जागा आम्हांस त्यानंतर फारशी सुखाची वाटली नाही. स्नेह्यांस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "माझी बायको गेली कित्येक वर्षे २८ मध्ये बसलेली नाही. जागा मिळाली तर ना!"

जेथे चढ ट्रामलाही अशक्य, तेथे लिस्बनकरांनी दोराची मदत घेतली. एका दोराच्या दोन टोकांस दोन डबे बांधलेले असतात. एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे लावल्यावर एक भरलेला वर येतो आणि एक रिकामा खाली जातो, तसाच हा प्रकार. उतरणाऱ्या डब्याचे वजन चढणाऱ्यास मदत करते, त्यामुळे थोडक्या शक्तीत काम भागते. आरंभी हे काम पाण्याच्या वजनाने होई. लाव्रा येथील मार्ग १८८४ साली, ग्लोरियाचा १८८५ साली आणि बिकाचा १८९२ साली सुरू झाला. पोर्तो शहरी जन्मलेले अभियंते राउल मेस्निए दु पोन्सार यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. सखल बाजारातून थेट कार्मोच्या टेकडीवर माणसांस उचलून नेणारा, ४५ मीटर उंचीचा सांता जुस्ता हा लोखंडी पाळणाही त्यांचाच. तो १९०२ साली सुरू झाला.

ग्लोरियाच्या डब्यात आम्ही बसलो होतो. जेमतेम पाव किलोमीटरचा मार्ग. लाकडी बाके, रात्रीची वेळ, वर गेल्यावर समोरच्या टेकडीवर दिव्यांनी उजळलेला किल्ला. पुढे ३ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे भीषण अपघात झाला. दोन डब्यांस जोडणारा दोर वरच्या डब्यापासून सुटला. ब्रेकांना तो डबा आवरता आला नाही. तो उताराने वेगाने खाली आला आणि वळणावरील इमारतीवर आदळला. १६ माणसे मृत्यू पावली. त्यांत अनेक देशांचे पाहुणे होते आणि त्या मार्गाने रोज येणारे-जाणारेही होते. शहरातील अशा इतर मार्गांवरील गाड्याही मग तपासणीसाठी थांबविण्यात आल्या. बातमी वाचताना आम्हांस आमचा प्रवास आठवला. तोलाचे तत्त्व वर आम्ही आनंदाने समजावून दिले. ते खोटे ठरलेले नाही. परंतु ते तत्त्व जेथे डब्यास बांधलेले असते तो सांधा डोळ्यांआड असतो, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ लाखो माणसे त्या न दिसणाऱ्या सांध्याच्या भरवशावर निश्चिंत मनाने वर-खाली करीत होती.

तिसऱ्या दिवशी १५ क्रमांकाच्या ट्रामने बेलेंला गेलो. ही नवी, लांबलचक, जोडडब्यांची ट्राम असून नदीकाठच्या सपाटीने धावते. बेलें म्हणजे ते ठिकाण, जेथून ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबते निघाली आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कालिकतजवळ पोहोचली. राजा मानुएलने तेथे जेरोनिमोसचा मठ बांधावयास घेतला. मठाच्या चर्चमध्ये शिरताच एका अंगास गामाची कबर आहे आणि दुसऱ्या अंगास कामोंइश कवीची. हा कवी काही वर्षे गोव्यात राहिला होता. त्याचे महाकाव्य १५७२ साली छापले गेले, आणि त्यातील प्रसंग पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या फरशांवर आपण पाहिलेले आहेत. नदीच्या अगदी काठाशी १९६० साली उभारलेले दगडी गलबत आहे. त्यावर राजे, नाविक, कवी, धर्मोपदेशक अशी माणसे रांगेने उभी आहेत. त्यांत फ्रान्सिस झेवियरही आहेत, ज्यांचे शव जुन्या गोव्यातील बॉम जीझसमध्ये आहे. सर्वांच्या नजरा पाण्याकडे लागलेल्या. ती माणसे ज्या किनाऱ्यांवर उतरली त्या किनाऱ्यांवरचे कोणी त्या रांगेत नाही. आम्ही दोन फेऱ्या घालून पाहिले.

आपल्याकडून तेथे गेलेला एक प्राणी मात्र जवळच भेटला. बेलेंचा प्रसिद्ध बुरूज १५१४ ते १५१९ या काळात बांधला गेला. त्याच्या एका कोपऱ्यावरील मनोऱ्याखाली गेंड्याचे डोके कोरलेले आहे. वाऱ्या-पावसाने ते इतके झिजले आहे की दाखविल्यावाचून कळत नाही. याची कथा अशी : गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह याने आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो राजा मानुएलकडे पाठविला. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून निघालेले गलबत २० मे रोजी लिस्बनला लागले. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता. लोक बघावयास लोटले. एका हत्तीशी त्याची झुंज लावण्याचा बेत झाला, तर हत्तीच पळून गेला. जर्मनीतील चित्रकार ड्यूरर याने गेंडा स्वतः न पाहता, केवळ वर्णन आणि कोणी काढलेली आकृती यांवरून त्याचे चित्र कोरले आणि ते युरोपभर पसरले. पुढे राजाने तो गेंडा पोपला नजराणा म्हणून धाडला. इटलीच्या किनाऱ्याजवळ गलबत बुडाले आणि गेंडाही गेला. त्या वेळच्या कागदांत त्याला 'गांडा' म्हटले आहे. आमचा तो 'गेंडा' शब्द त्याच्याबरोबर समुद्र ओलांडून गेला होता. त्या झिजलेल्या दगडासमोर आम्ही गामाच्या कबरीपेक्षा अधिक वेळ उभे राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी स्नेही स्वतः आले आणि आम्हांस काइस दो सोद्रेच्या धक्क्यावर घेऊन गेले. येथून पलीकडच्या कासिल्यास गावी नावा जातात. पणजी-बेतीच्या फेरीसारखी ही सपाट नाही; दोन मजली, बाके असलेली नाव, केवळ माणसांसाठी. दहा मिनिटांत पैलतीर. आज नदीवर दोन पूल आहेत. १९६६ साली झालेल्या पहिल्या पुलाचा मधला गाळा १०१३ मीटरांचा आणि पाण्यापासून उंची सुमारे ७० मीटर. प्रथम त्यास हुकूमशहा सालाझारचे नाव होते; १९७४ सालच्या २५ एप्रिलच्या क्रांतीनंतर त्याच तारखेचे नाव देण्यात आले. दुसरा १९९८ सालचा, वास्को द गामाच्या नावाचा, पेंढ्याच्या समुद्रावरून जातो. "पूल नव्हता तेव्हा आम्ही पलीकडे राहत होतो आणि मी इकडे शाळेत येई," स्नेही म्हणाले. "दाट धुके पडले की नावा थांबत. आई खिडकीतून बघायची, आणि पाणी दिसले नाही की मला पुन्हा पांघरूण घालायची."

नाव मध्यावर आली तेव्हा आम्ही मागे वळून पाहिले. डावीकडे पूल, उजवीकडे उंचावर किल्ला, मध्ये तो राजवाड्याचा चौक, आणि वरपर्यंत चढत गेलेली घरे. चार दिवस ज्या चढणींनी आमची दमछाक केली, त्या येथून नाटकगृहातील बैठकांप्रमाणे ओळीने मांडलेल्या दिसत होत्या, आणि रंगभूमी म्हणजे हे पाणी. मग एक गोष्ट ध्यानात आली. राजे पूर्वी उजवीकडच्या त्या किल्ल्यात राहत. भारताची वाट सापडल्यावर मानुएल राजा टेकडी उतरून खाली आला आणि पाण्याच्या काठाशी राजवाडा बांधून राहिला. त्याच वाड्यात खाली भारताच्या व्यापाराची कचेरी होती. मिरी, दालचिनी, लवंग तेथे उतरे, आणि राजा वरच्या मजल्यावरून ते पाही. राजाने शत्रूच्या भीतीने उंच जागा धरावी, ही रीत आपण इतिहासात वाचतो; हा राजा मिरीच्या वासाने सखल जागी आला. गोव्याहून सहा महिन्यांचा प्रवास करून आलेल्या माणसास हे शहर प्रथम दिसे ते असे, पाण्यावरून. १७५५ साली तो वाडा पडला, तेव्हा त्या कचेरीचे दप्तरही नष्ट झाले. कोणत्या गलबतातून आमचे काय गेले, कोण गेले, यांतील किती नोंदी त्या एका सकाळी गेल्या असतील! मागच्या बाकावरील त्या मुलास सांगावयाचे ते एवढेच होते : आपल्या घरच्या वहीची काही पाने त्या चौकात जळाली आहेत, ती जागा तरी पाहून यावी, म्हणून गेलो होतो.

नाव माणसांनी भरलेली होती. शहरात दिवसभर काम करून पलीकडे घरी परतणारी माणसे ती. कोणी बोलत नव्हते. आमच्या समोरच्या बाकावर एक काळ्या वर्णाच्या, पन्नाशीच्या बाई पायांतील बूट काढून डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर कागदाच्या शंकूत भाजलेले चेस्टनट. नोव्हेंबरात ते तेथे कोपऱ्याकोपऱ्यावर विकावयास असतात. आमची कोंकणी ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि ही कोणती भाषा, असे स्नेह्यांस विचारले. गोव्याची, असे त्यांनी सांगितले. "मी केप वर्देची, प्राया गावची," त्या म्हणाल्या. तो द्वीपसमूहही १९७५ पर्यंत याच शहराच्या ताब्यात होता. बाईंनी मान हलविली, अधिक काही बोलल्या नाहीत, आणि तो कागदाचा शंकू आमच्यापुढे धरला. आम्ही एक घेतला. फणसाची आठळी चुलीत भाजावी, अगदी तशी चव. तसे स्नेह्यांकरवी त्यांस सांगितले, तर त्यांनी फणस म्हणजे काय ते विचारले, आणि दोन्ही हात पसरून त्याचा आकार दाखवीपर्यंत नाव धक्क्यास लागली. बाईंनी बूट चढविले, उरलेले चेस्टनट आमच्या हातात दिले, आणि बसच्या रांगेकडे घाईने निघून गेल्या.